आबालाल रहिमान : करवीरच्या निसर्गचित्रकाराचे जीवन आणि त्यांची आख्यायिका

१

संत, राज्यकर्ते, समाजसुधारक आणि साहित्यिक यांची चरित्रे मराठीत विपुल आहेत. चित्रकारांच्या वाट्याला मात्र हे भाग्य फारसे आलेले नाही. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आत्मकथन लिहिले, म्हणून निदान एका चित्रकाराचे जीवन त्याच्याच शब्दांत उपलब्ध झाले. त्यांच्याच गावचे आणि त्यांच्या आधीच्या पिढीचे आबालाल रहिमान यांनी असे आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांचे जीवन शिष्य-चाहत्यांच्या आठवणींतून, कोल्हापूरच्या तोंडी परंपरेतून आणि उरलेल्या थोड्या चित्रांतून उभे करावे लागते. या सामग्रीत एक प्रसंग इतका ठळक आहे की, बाकीचे सारे जीवन त्याच्या छायेत गेले आहे. राजर्षी शाहू छत्रपतींच्या निधनानंतर शोकाकुल होऊन आबालालांनी आपली चित्रे कोटीतीर्थाच्या तळ्यात टाकून दिली, हा तो प्रसंग होय.

हा प्रसंग करुणरम्य आहे आणि तो सांगितला जात राहणेही स्वाभाविक आहे. परंतु त्यामुळे आबालाल म्हणजे चित्रे बुडविणारा कलावंत, असे समीकरण रूढ झाले आणि चित्रे काढणारा कलावंत मागे पडला. त्यांनी काय पाहिले, ते कोणत्या रीतीने पाहिले आणि त्यांच्या पाहण्याने मराठी प्रदेशातील वास्तववादी कलेत कोणती भर पडली, हे प्रश्न आख्यायिकेच्या प्रभेत झाकोळून गेले. त्यांचे जीवन क्रमाने पाहिले असता आख्यायिकेचा अर्थही अधिक स्पष्ट होतो.

२

आबालालांचे मूळ नाव अब्दुल अझीझ. एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात कोल्हापूर येथे त्यांचा जन्म झाला. वडील कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करीत. घरात अक्षराला धर्माचे आणि उपजीविकेचे असे दुहेरी महत्त्व होते. बोरूच्या टोकाचा कोन, शाईचा दाटपणा, ओळीची पातळी, दोन अक्षरांमधील मोकळी जागा यांचे संस्कार मुलावर अक्षरओळखीबरोबरच झाले असणार. सुलेखनात चुकीला क्षमा नसते. एक फटकारा चुकला की पान वाया जाते. पुढे पारदर्शक जलरंगासारख्या, दुरुस्तीला वाव न देणाऱ्या माध्यमावर आबालालांनी जी हुकमत मिळविली, तिची पूर्वतयारी या घरात झाली असे मानण्यास हरकत नाही.

तथापि हा वंशपरंपरागत व्यवसाय त्याच काळात ओसरू लागला होता. मुंबईसारख्या शहरांतील शिळाप्रेसवर कुराणाच्या प्रती छापल्या जाऊ लागल्या आणि हाताने प्रत करणाऱ्या लेखनिकाची गरज घटली. ज्याच्या हातात रेषा आहे, पण त्या रेषेला जुने गिऱ्हाईक उरलेले नाही, अशा पिढीत आबालाल वाढले. आबालालांना शाळेतल्या शिक्षणाखेरीज अरबी-फारसीचे ज्ञान घरातून मिळाले होते. याच भाषाज्ञानाने त्यांना चित्रकलेची वाट उघडून दिली. कोल्हापुरातील एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीला भाषा शिकविण्याचे काम त्यांना मिळाले. त्या बाईंच्या दृष्टीस त्यांची चित्रे पडली आणि तिच्या शिफारशीमुळे त्यांचा मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत प्रवेश झाला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. संस्थानी नगरातील एका होतकरू तरुणाला वसाहतकालीन शिक्षणसंस्थेचे दार कसे उघडत असे, याचे हे बोलके उदाहरण आहे. गुण अंगी असले तरी ओळख लागे, आणि ती ओळख चित्रकलेच्या बाहेरच्या एखाद्या कामातून मिळे.

३

१८५७ मध्ये सुरू झालेली जे. जे. कलाशाळा आबालाल तेथे गेले तेव्हा स्थिरावली होती. १८८० ते १८८८ ही त्यांची तेथील वर्षे. जॉन ग्रिफिथ्स हे त्या काळी संस्थेचे प्रमुख होते. त्यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांची पथके अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होती. यांतील अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडन येथे लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. चित्रे निर्माण होतात, प्रवास करतात आणि एखाद्या अपघाताने नाहीशी होतात, याचा अनुभव त्या संस्थेने आबालालांच्या विद्यार्थिदशेतच घेतला होता.

शिक्षणाची पद्धत युरोपीय अकादमींच्या धर्तीची होती. ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतिकृती समोर ठेवून छायाप्रकाशाचे रेखन, त्यानंतर प्रत्यक्ष मानवाकृतीचा अभ्यास, यथार्थदर्शनाचे नियम, स्थिरचित्र आणि मग रंग, असा तो क्रम होता. डोळ्यांना दिसते तेच आणि दिसते तसेच कागदावर आणणे, ही या शिक्षणाची प्रतिज्ञा होती. आबालालांची अभ्यासचित्रे संस्थेने जतन केली, यावरून त्यांच्या रेखनाला तेथे मिळालेला मान लक्षात येतो. व्हाइसरॉय पदकाचा बहुमानही त्यांना मिळाला.

या वास्तववादी शिक्षणाची वाङ्मयीन समांतरे मराठीच्या अभ्यासकाला सहज आठवतील. १८६१ च्या 'मुक्तामाले'पासून मराठी कादंबरी अद्भुताच्या प्रदेशात रमली होती. हरि नारायण आपटे यांनी १८८५ पासून तिला मध्यमवर्गीय घराच्या माजघरात आणले. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. म्हणजे आबालाल मुंबईहून शिक्षण संपवून परत आले, त्याच सुमारास मराठी गद्यही डोळ्यांसमोरच्या जीवनाकडे वळत होते. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र जवळचे, परिचित आणि नावगाव असलेले वास्तव कलाविषय होऊ शकते, ही जाणीव दोन वेगळ्या क्षेत्रांत एकाच काळी फलित होत होती, एवढे निश्चित म्हणता येते.

सुवर्णसंधी होती ती मुंबईत. १८८८ मध्येच बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना झाली. प्रदर्शने, पदके, पारशी-गुजराती धनिकांची व्यक्तिचित्रे आणि संस्थानिकांकडून येणारी कामे यांचा एक बाजार तेथे आकार घेत होता. राजा रविवर्मा यांनी बडोद्यासारख्या दरबारांत मिळविलेल्या यशाने चित्रकाराच्या प्रतिष्ठेचा एक नवा आदर्श घालून दिला होता. पुढे १८९४ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शिळाछापखान्याने देवादिकांची चित्रे घरोघरी पोहोचविली. त्या काळच्या होतकरू चित्रकाराला पौराणिक प्रसंग आणि व्यक्तिचित्र हे दोन राजमार्ग खुले होते. आबालालांनी ते दोन्ही सोडले आणि ते कोल्हापूरला परतले.

४

शाहू छत्रपतींना १८९४ मध्ये राज्याधिकार मिळाले. त्यानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत कोल्हापूर हे कुस्ती, संगीत, नाटक आणि चित्रकला यांचे केंद्र बनले. अल्लादियाखाँसाहेबांसारखे गवई दरबारच्या आश्रयाला आले, पॅलेस थिएटर उभे राहिले आणि खासबागेचे कुस्तीचे मैदान तयार झाले. आबालाल या दरबाराचे चित्रकार होते. महाराज त्यांना शिकारीच्या मोहिमांवरही बरोबर नेत, जेणेकरून अरण्य आणि वन्य प्राणी यांची चित्रे प्रत्यक्ष पाहून काढता यावीत.

या संबंधाचे स्वरूप नेहमीच्या राजाश्रयाहून निराळे होते. दरबारी चित्रकाराकडून सामान्यतः राज्यारोहण, दरबार, मिरवणुका आणि राजघराण्यातील व्यक्तींची चित्रे यांची अपेक्षा असे. आबालालांकडेही अशी कामे आली. परंतु त्यांचे मन ज्यात गुंतले होते, त्या निसर्गचित्रांना दरबारी उपयोग जवळजवळ नव्हता. तरीही महाराजांनी त्यांचा सांभाळ केला आणि त्यांच्या कलंदर स्वभावाला मुभा दिली. एखाद्या कलावंताला त्याचे काम करू देणे आणि त्यापासून तात्काळ लाभाची अपेक्षा न धरणे, हे आश्रयदात्याच्या रसिकतेचे लक्षण होय. आबालालांना मिळालेला आश्रय या जातीचा होता. त्यामुळेच तो तुटला तेव्हा केवळ वेतन गेले नाही, तर त्यांच्या पाहण्याची कदर असलेला माणूस गेला.

कोल्हापूरच्या पूर्वेस कोटीतीर्थ नावाचे तळे आहे. त्याच्या काठी आबालाल साधेपणाने राहत. त्यांच्या फकिरी राहणीच्या, वनस्पती आणि दगडमाती यांपासून स्वतः रंग तयार करण्याच्या कथा आजही सांगितल्या जातात. १९०६ मध्ये शाहू महाराजांनी स्थापन केलेली कापडगिरणी याच तळ्याच्या शेजारी उभी राहिली. एकीकडे तीर्थ आणि दुसरीकडे गिरणी, असे या परिसराचे रूप आबालालांच्या डोळ्यांदेखत पालटत होते. शहराच्या पश्चिमेला रंकाळा, त्याच्या पाण्यात उभा असलेला सांध्यमठ, उत्तरेकडून वळण घेणारी पंचगंगा व तिचे घाट आणि पूर्वेला कोटीतीर्थ, एवढा त्यांचा मुख्य चित्रप्रदेश. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणूस पायी सहज जाऊ शकेल, एवढाच त्याचा विस्तार होता.

५

या मर्यादित प्रदेशाच्या चित्रणाला विस्तीर्ण दृश्यपटाची कला का म्हणावे, हे समजण्यासाठी पूर्वपरंपरेचा विचार करावा लागतो. आबालालांपूर्वी मराठी मुलखात निसर्गाचे दर्शन तीन निरनिराळ्या रीतींनी घडविले जात होते.

पहिली रीत परकीय प्रवासी चित्रकारांची. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पॅनोरामा हा प्रकार जन्माला आला. रॉबर्ट बार्करने १७८७ मध्ये त्याचे हक्क नोंदविले. गोलाकार इमारतीच्या आतल्या भिंतीवर एखाद्या नगराचे वा रणभूमीचे सलग चित्र रंगवायचे आणि प्रेक्षकाला मधोमध उभे करायचे, अशी ही योजना होती. याच सुमारास जेम्स वेल्स पश्चिम हिंदुस्थानात आला. पुण्याच्या दरबारात त्याने व्यक्तिचित्रे रंगविली आणि मुंबई बेटाची बारा दृश्ये तयार केली. पुढे रॉबर्ट ग्रिंडले याने पश्चिम हिंदुस्थानातील देखाव्यांचा चित्रसंग्रह १८२६ पासून प्रकाशित केला. या चित्रांचे कौशल्य निर्विवाद आहे. मात्र त्यांत पाहणारा बहुधा उंचावर किंवा दूर उभा असतो. प्रदेश त्याच्यापुढे नकाशासारखा उलगडतो, आणि त्या प्रदेशातील माणसे आकारमान दाखविण्यापुरती किंवा वेषाच्या वैचित्र्यापुरती येतात. असा चित्रकार आज येथे असतो आणि उद्या पुढच्या मुक्कामी जातो.

दुसरी रीत रंगभूमीवरील पडद्यांची. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात जंगल, राजवाडा, रस्ता, उपवन यांचे भव्य पडदे ही नाटकमंडळीची मिरवण्याची चीज असे. कोल्हापुरातच आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री बंधूंनी असे पडदे रंगवून लौकिक मिळविला. सामान्य मराठी प्रेक्षकाने पाहिलेले सर्वांत विस्तीर्ण निसर्गचित्र म्हणजे नाटकाचा पडदा. पण त्या पडद्यावरील जंगल कोणत्याही एका ठिकाणचे नसे. ते शाकुंतलालाही चाले आणि सौभद्रालाही चाले. त्याला ऋतू नव्हता, वेळ नव्हती आणि गाव नव्हते.

तिसरी रीत शब्दांतील, माहात्म्यग्रंथांची. मराठी प्रदेशात पाण्याचा काठ हा प्रथम तीर्थ म्हणून ओळखला जातो. गोदावरीकाठचे नाशिक असो, चांगदेवांच्या समाधीचे पुणतांबे असो, पैठण असो की कृष्णाकाठची वाई असो, घाट म्हटला की स्नान, दान आणि फलश्रुती यांची भाषा मनात येते. करवीरमाहात्म्यात कोल्हापूर परिसरातील देवस्थाने आणि तीर्थे याच भाषेत वर्णिली आहेत. तेथे जलाशयाचे मोल त्याच्या पुण्यावर ठरते. पाणी सकाळी कसे दिसते आणि संध्याकाळी कसे, हा त्या ग्रंथांचा विषय नव्हे.

आबालालांनी या तिन्ही रीतींपासून काही घेतले आणि तिन्हींहून वेगळे काही केले. यथार्थदर्शन आणि पारदर्शक जलरंगाचे तंत्र त्यांना इंग्रजी शिक्षणातून मिळाले, पण त्यांचा पाहणारा प्रवासी राहिला नाही. तो त्याच काठावर राहणारा, उद्या पुन्हा तेथेच येणारा माणूस आहे. पडद्याची विशालता त्यांना अपरिचित नव्हती, पण त्यांच्या चित्राला ठिकाण आहे, ऋतू आहे आणि घटका आहे. विषय म्हणून त्यांनी तीर्थे, मठ आणि घाट घेतले, परंतु फलश्रुती बाजूला ठेवून त्यांवर पडणारा प्रकाश रंगविला. कुराणाची प्रत करणाऱ्या लेखनिकाच्या या मुलाने हिंदूंच्या तीर्थस्थळांकडे ज्या सहज आत्मीयतेने पाहिले, तिला शाहूकालीन कोल्हापुरात कोणी अपवाद मानले असेल असे वाटत नाही. ते त्यांचेच गाव होते.

६

आबालालांच्या उपलब्ध निसर्गचित्रांत पाणी हा केंद्रीय घटक आहे. पाणी आकाशाला खाली आणते. त्यामुळे चित्राचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांशी बोलू लागतात आणि मधली जमीन, म्हणजे घाटाच्या पायऱ्या, मठाची भिंत, झाडांची राई, त्या दोन प्रकाशांच्या मध्ये एखाद्या पट्ट्यासारखी राहते. चित्राचा कागद लहान असला तरी दृश्य विस्तीर्ण वाटते, त्याचे कारण या रचनेत आहे. येथे विस्तार कागदाच्या लांबीरुंदीवर ठरत नाही. जवळचे पाणी, मधला काठ आणि दूरचे आकाश यांच्या प्रमाणातून तो निर्माण होतो.

दुसरे वैशिष्ट्य माणसाच्या स्थानाचे. घाटावर आलेली माणसे या चित्रांत असतात, पण ती कथा सांगत नाहीत. रविवर्म्यांच्या चित्रातील व्यक्ती प्रसंगाची वाहक असते. तिच्या मुद्रेवरून काय घडले आणि काय घडणार, हे कळते. आबालालांच्या निसर्गचित्रातील व्यक्तीचा चेहरा पुष्कळदा दिसतही नाही. एखादा रंगाचा ठिपका, त्याची पाण्यातील लांब छाया आणि झुकलेल्या पाठीची रेषा, एवढ्यावर तिचे अस्तित्व भागते. तरीही ती ग्रिंडलेच्या चित्रातील आकारमानापुरत्या माणसासारखी परकी वाटत नाही. ती त्या काठाचीच असते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य रंगलेपनाचे. विद्यार्थिदशेतील कामात वस्तूचा घाट नेमका पकडणारी, कष्टाने घोटलेली रेषा आहे. उत्तरकालीन निसर्गचित्रांत ही रेषा विरत जाते आणि लहान लहान रंगस्पर्श शेजारी शेजारी ठेवून प्रकाश उभा केला जातो. काळ्या दगडाची सावली नुसती काळी राहत नाही, तिच्यात निळा आणि जांभळा उतरतो. यामुळे आबालालांचे नाव दृकप्रत्ययवादी, म्हणजे इंप्रेशनिस्ट, चित्रकारांच्या संदर्भात घेतले जाते. तुलना उद्बोधक आहे. क्लोद मोने (१८४०–१९२६) हा त्यांचा समकालीनच. त्यानेही उत्तरायुष्यातील अनेक वर्षे जिव्हर्नी येथील एका तळ्याचे चित्रण करण्यात घालविली. परंतु आबालाल युरोपात गेले नव्हते आणि त्यांच्याभोवती असा कोणताही संप्रदाय नव्हता. एकाच जागी वर्षानुवर्षे बसून एकच पाणी पाहणाऱ्या वास्तववादी चित्रकाराला पुढे कोठे जावे लागते, याचे उत्तर दोघांच्या कामात सारखे निघाले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. वस्तू जशी आहे तशी काढावी, हे कलाशाळेचे सूत्र होते. वस्तू दर घटकेला वेगळी दिसते, हे रंकाळ्याने शिकविले. पहिल्या सूत्राशी प्रामाणिक राहूनच आबालाल दुसऱ्यापर्यंत पोहोचले. म्हणून त्यांच्या उत्तरकालीन शैलीला वास्तववादाचा त्याग न म्हणता त्याची परिणती म्हणावे लागते.

सांध्यमठाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. रंकाळ्याच्या पाण्यात उभी असलेली ही दगडी वास्तू पावसाळ्यात पाणी चढले की बुडू लागते आणि उन्हाळ्यात पुन्हा उघडी पडते. म्हणजे ती वास्तू स्थिर असूनही तिचे दिसणे वर्षभर बदलत राहते. स्थिर दगड आणि अस्थिर पाणी यांच्या सीमारेषेवर आबालालांचे लक्ष खिळले, यात त्यांच्या सर्व कलेचे सार आले आहे.

७

६ मे १९२२ रोजी मुंबई येथे शाहू महाराजांचे निधन झाले. आबालालांनी चित्रे तळ्यात टाकल्याची कथा या घटनेशी जोडलेली आहे. टाकलेल्या चित्रांचा आकडा हजारांत, काही वेळा वीस हजारांपर्यंत सांगितला जातो. १८८८ पासून १९२२ पर्यंतची चौतीस वर्षे धरली आणि त्यांनी दररोज एक कागद रंगविला असे मानले, तरी संख्या साडेबारा हजारांच्या आत राहते. तेव्हा वीस हजार हा आकडा पूर्ण झालेल्या चित्रांचा असणे संभवत नाही. रेखाटने, रंगटिपणे, अर्धवट सोडलेले अभ्यास हे सारे जमेस धरले, तर हजारांची भाषा अशक्य ठरत नाही. रोज काठावर बसणाऱ्या आणि लागलीच कागद बदलणाऱ्या माणसाचे घर अशा कागदांनीच भरलेले असते. या कागदांचे पाण्यात काय होते, हेही सरळ आहे. जलरंग डिंकात कालवलेला असतो. पाण्याचा स्पर्श होताच तो सुटतो आणि कागदाचा लगदा होतो. तळ्यातून ती चित्रे कधी परत मिळण्याची शक्यता नव्हती.

लोकपरंपरेने आकडा फुगविला असला, तरी प्रसंगाचा गाभा तिने अचूक ओळखला आहे. मराठी श्रोत्याला तुकोबांच्या बुडविलेल्या वह्यांची कथा ठाऊक असते, आणि तिच्या प्रकाशात आबालालांची कथा ऐकली जाते. दोन्हीकडे निर्मिती पाण्याच्या हवाली होते. परंतु येथेच दोन कथांतील फरकही दिसतो. तुकोबांच्या वह्या पाण्याने तारल्या, असे परंपरा सांगते. शिवाय अभंग लोकांच्या मुखी होते, वह्या बुडाल्या तरी ते उरले असते. जलरंगातील चित्राला दुसरे मुख नसते. ते एकाच कागदावर असते आणि कागद गेला की संपते. भक्तिकथेतील चमत्काराची जागा येथे रिकामीच राहते. म्हणूनच ही कथा ऐकणाऱ्याला अस्वस्थ करते.

या कृतीला वेड किंवा वैराग्य म्हणणे सोपे आहे. आश्रयाच्या स्वरूपाचा जो विचार वर आला, त्यावरून तिचा अधिक व्यावहारिक अर्थही लागतो. आबालालांच्या निसर्गचित्रांना बाजार नव्हता. प्रदर्शनांच्या मुंबईपासून ते दूर होते. त्यांच्या गावी त्या काळी या कागदांचे मोल जाणून ते जतन करील असे वस्तुसंग्रहालय नव्हते. या चित्रांना एक रसिक होता आणि तो राज्याचा धनी होता. त्याच्या जाण्याने चित्रांचा पत्ताच हरवला. एका व्यक्तीच्या रसिकतेवर उभी असलेली कलाव्यवस्था किती नाजूक असते, हे कोटीतीर्थाच्या काठावर दिसले. संस्थानी आश्रयाचा गौरव करताना ही दुसरी बाजू विसरता येत नाही.

८

त्यानंतर आबालाल सुमारे नऊ वर्षे जगले. १९३१ मध्ये कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले. त्यांनी शाळा काढली नाही, तरी त्यांच्यामागे एक परंपरा उभी राहिली. कोल्हापूरच्या पुढील पिढ्यांतील चित्रकारांनी जलरंगातील निसर्गचित्र हा आपल्या गावचा वारसा मानला. नाटकाचे पडदे रंगविणारे बाबूराव पेंटर हे पुढे कोल्हापूरच्या कलाजीवनाचे अध्वर्यू झाले. त्यांच्या घडणीत आबालालांचा वाटा असल्याचे अभ्यासक सांगतात. बाबूरावांनी नारायण हरि आपटे यांच्या कथेवरून १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट काढला आणि खेड्यातील गरिबीचे जे वास्तव चित्रण केले, ते पडद्यावरच्या सर्वसाधारण जंगलापासून फार दूरचे होते. नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्या निसर्गचित्रांतही ही स्थळनिष्ठ दृष्टी पुढे चालू राहिली.

आज आबालालांची काही चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहेत, काही अन्य संग्रहांत विखुरलेली आहेत. संख्येने ती थोडी असली तरी त्यांचे मोल दुहेरी आहे. १९३१ ते १९३४ या काळात शालिनी पॅलेस बांधला गेला, त्यापूर्वीचा रंकाळा, गिरणीच्या वस्तीने वेढले जाण्याआधीचे कोटीतीर्थ आणि जुन्या कोल्हापूरची पाण्याशी असलेली जवळीक यांचे दर्शन त्यांतून घडते. शहर वाढले, तळी आक्रसली, सांडपाणी आणि जलपर्णी यांनी रंकाळ्याचे रूप पालटले, तसतसे या चित्रांना पुराव्याचे महत्त्व आले. पण केवळ पुरावा म्हणून त्यांच्याकडे पाहणे अपुरे ठरेल. छायाचित्रही पुरावा देऊ शकते. आबालालांनी दिले ते एका रहिवाशाचे पाहणे, रोजच्या ओळखीतून आलेले आणि तरीही सवयीने बोथट न झालेले.

मराठी कवितेत निसर्गाला स्वतंत्र विषय म्हणून प्रतिष्ठा मिळाली, तिचे श्रेय बालकवींना दिले जाते, आणि ते योग्यच आहे. बालकवी १८९० मध्ये जन्मले. आबालाल त्याआधीच कोल्हापुरी परतून रंकाळ्याच्या काठी बसू लागले होते. निसर्गाला कथेची पार्श्वभूमी न मानता चित्राचा नायक मानणारी दृष्टी मराठी प्रदेशात केव्हा आणि कोठे रुजली, याचा विचार शब्दांच्या साक्षीवरच थांबवला, तर तो अर्धा राहतो. आबालालांच्या चरित्राचे वाङ्मयाच्या अभ्यासकाला असलेले प्रयोजन हेच होय. त्यांच्या बुडालेल्या चित्रांची कथा मराठीने जपली आहे. उरलेली चित्रे त्या कथेइतक्याच आस्थेने पाहिली गेली, त्यांची काळजीपूर्वक नोंद झाली आणि त्यांच्या आधारे त्यांच्या कलेचा विकासक्रम मांडला गेला, तर या चित्रकाराला त्याचे न्याय्य स्थान मिळेल.